उतारवयातील चढण

'उतारवय' या शब्दात आपल्या भाषेने एक निकाल आधीच देऊन ठेवला आहे. पन्नाशी उलटली की माणसाने उतरणीला लागावे आणि पाय घसरणार नाही एवढी काळजी घेत खाली यावे, असा त्या शब्दाचा ध्वनी आहे. आणि ज्या समाजात पिकल्या केसांचा मनुष्य रस्त्याने पळताना दिसला की घरी कोणी आजारी तर नाही ना अशी चौकशी होते, त्या समाजाला तो शब्द शोभूनही दिसतो. तथापि गेल्या वीस-बावीस वर्षांत या शब्दाची थोडी पंचाईत झाली आहे. २००४ साली मुंबईची मोठी मॅरेथॉन सुरू झाली. २०१२ साली साताऱ्यास यवतेश्वराचा घाट चढून कासच्या वाटेने जाणारी डोंगरी अर्धमॅरेथॉन सुरू झाली, आणि त्याच वर्षी लेह येथे लडाखची शर्यतही. या सर्व ठिकाणी पेन्शनीत निघालेले कारकून व शिक्षक, दवाखान्यातून सवड काढणारे डॉक्टर, मुलांची लग्ने उरकलेल्या गृहिणी अशी मंडळी मोठ्या हौसेने धावू लागली. हौशी मंडळी आली म्हणजे तिच्यामागोमाग तिचे वाङ्मयही येते. धावण्यासंबंधी इंग्रजीत ग्रंथांची रास पडली असून तिच्यातील बराच भाग प्रौढ वाचकास उद्देशून लिहिलेला आहे. हे वाङ्मय म्हणून कसे आहे, आणि ज्या वयस्क माणसाच्या हाती ते पडते त्याच्याशी ते प्रामाणिक आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

नेहमीच्या ग्रंथपरीक्षणातील प्रश्नांहून हा प्रश्न किंचित जड आहे. कादंबरी फसली तर वाचकाच्या दोन संध्याकाळी फुकट जातात. धावण्यावरचे पुस्तक फसवे निघाले तर साठ वर्षांचे हृदय पणास लागते, आणि तेही घरापासून फार दूर, विरळ हवेच्या प्रदेशात.

चढ निराळा आणि उंची निराळी, हा भेद येथे आरंभीच केला पाहिजे. सास्तूरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. साताऱ्याचा घाट त्याहून वर जातो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई तेही १,६४६ मीटरच भरते. यापैकी कोठेही धाप लागली तर तो दोष मुख्यतः चढाचा समजावा. लेह मात्र सुमारे ३,५०० मीटरांवर वसलेले आहे. तेथील हवेत प्राणवायूचे प्रमाण आपल्या इथल्याइतकेच, म्हणजे शेकडा एकवीसच असते. परंतु हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो, आणि प्रत्येक श्वासात पदरी पडणारा प्राणवायू त्याच मानाने घटतो. खारदुंग ला खिंडीत तर दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. (त्या खिंडीतील पाटीवर पुष्कळ वर्षे १८,३८० फूट असा आकडा मिरवत होता; काळजीपूर्वक मोजणी झाली तेव्हा खिंड सुमारे आठशे फुटांनी ठेंगणी निघाली. धावण्याच्या ग्रंथांचे या पाटीशी काय नाते आहे ते पुढे दिसेल.) सारांश, महाराष्ट्रीय धावकास खरी उंची घरी मिळत नाही. तो तेथे पाहुणा म्हणून जातो, आणि बहुधा रजेच्या हिशेबाने जातो.

वय आणि उंची यांची करणी एकाच जातीची आहे. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, या एका मापावर दूरच्या शर्यतीचा बराच भाग अवलंबून असतो. बैठ्या माणसात ते माप तिशीनंतर दर दहा वर्षांस सुमारे शेकडा दहा या वेगाने उतरते. नेटाने सराव ठेवणाऱ्यात उतार त्याच्या निम्मा असू शकतो. उंचीवर गेले असता, दीड हजार मीटरांच्या पुढे दर हजार मीटरांस तेच माप शेकडा सहा ते आठ उतरते. ढोबळ हिशेबाने पाहता, साठीच्या गृहस्थास आपल्या आयुष्याची पुढली पंधरा-वीस वर्षे लेहच्या विमानतळावर उतरताच एकदम भेटतात. विरळ हवा जिद्दीची भीड धरीत नाही. म्हणूनच या वाङ्मयातील कोणती पाने खरी आणि कोणती भाबडी हे पारखण्यास उंचीसारखी दुसरी कसोटी नाही.

या रासेतील अत्यंत लोकप्रिय ग्रंथ म्हणजे ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला 'बॉर्न टू रन'. पाय दुखतो म्हणून हैराण झालेला एक वार्ताहर मेक्सिकोतील खोल दऱ्यांत राहणाऱ्या रारामुरी लोकांच्या शोधास जातो, तेथे 'पांढरा घोडा' या नावाने वावरणारा एक विक्षिप्त अमेरिकन त्यास भेटतो, आणि अखेर २००६ साली उरिके या गावी रारामुरी व अमेरिकन धावक यांची एक अजब शर्यत घडते, असे त्याचे कथासूत्र आहे. कथा म्हणून ग्रंथ बहारीचा आहे. माणसे दोन रेघांत उभी करण्याची हातोटी ग्रंथकाराजवळ आहे, आणि कोठे थांबले असता वाचक तळमळेल हे त्यास अचूक कळते.

पण आपल्या विषयाचे मर्म या ग्रंथाच्या मधल्या भागात आहे. कोलोरॅडोच्या डोंगरात तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर लेडव्हिल नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. खाण बंद पडून गाव ओस पडू लागले तेव्हा तेथल्याच एका खाणकामगाराच्या पुढाकाराने १९८३ पासून शंभर मैलांची शर्यत सुरू झाली. तिची वाट मध्येच ३,८०० मीटरांची एक खिंड ओलांडून पलीकडे जाते आणि तीच ओलांडून परत येते. आमच्या सास्तूर भागात कालगणना भूकंपाआधीची व भूकंपानंतरची अशी चालते. ज्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे गाव जमीनदोस्त झाले त्याच १९९३ सालच्या ऑगस्टात लेडव्हिलची शर्यत रारामुरींपैकी व्हिक्टोरियानो चुरो या शेतकऱ्याने वीस तासांहून किंचित अधिक वेळात जिंकली. त्या वेळी त्याचे वय पंचावन्न होते. दुसरा व पाचवा क्रमांकही त्याच्याच लोकांनी घेतला.

पंचावन्न वर्षांचा मनुष्य, तीन हजार मीटरांची उंची, शंभर मैल, आणि पहिला क्रमांक! आपल्या प्रश्नास याहून सरळ उत्तर कोणते हवे? मॅकडूगल यांनीही ते तसेच घेतले आहे. चुरोच्या विजयातून त्यांनी पादत्राणांविषयी, पाऊल टाकण्याच्या रीतीविषयी, आहाराविषयी आणि धावताना वाटणाऱ्या आनंदाविषयी धडे काढले आहेत. त्यांतील कित्येक उपयुक्तही असतील. परंतु ज्या एका गोष्टीपाशी थांबावयास हवे होते तेथून ग्रंथकार झपाट्याने पुढे निघून जातो. चुरो पंचावन्न वर्षे दऱ्यांच्या तळाशी उतरत होता आणि पुन्हा कड्याच्या माथ्यावर चढत होता. शेत वर, पाणी खाली, सोयरे पलीकडच्या अंगास. त्याने सराव केला नव्हता असे म्हणतात त्याचा अर्थ इतकाच, की त्याने सरावाखेरीज दुसरे काही केलेच नव्हते. शिवाय पहाडी मुलूख त्याला परका नव्हता. तीस वर्षे कचेरीत खुर्चीवर बसून मग टायरच्या तळव्यांच्या वहाणा विकत घेणाऱ्या वाचकास चुरोपासून शिकता येण्यासारखे फार थोडे आहे; आणि जे आहे ते वहाणांत नाही.

याच ग्रंथातील दुसरे एक विधान वयस्क वाचकांत फार पसरले आहे. न्यूयॉर्कच्या २००४ च्या मॅरेथॉनचे आकडे पुढे ठेवून असे सांगितले आहे की, एकोणिसाव्या वर्षी धावणाऱ्याचा जो वेग असतो तो सत्ताविसाव्या वर्षापर्यंत वाढतो, पुढे हळूहळू घटतो, आणि पुन्हा एकोणिसाव्या वर्षाइतका होण्यास चौसष्टावे वर्ष उजाडते. वाचताना छाती फुगते खरी. पण शर्यतीच्या निकालपत्रातील चौसष्ट वर्षांची माणसे आणि एकोणीस वर्षांची पोरे ही एका तराजूत घालण्याजोगी आहेत काय? एकोणिसाव्या वर्षी मॅरेथॉनला उभा राहणारा मुलगा बहुधा पैजेखातर आलेला असतो. चौसष्टाव्या वर्षी उभा राहणारा मनुष्य चाळून उरलेला असतो: ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना रक्तदाबाने घरी बसविले, जे या जगात राहिले नाहीत, ते सर्व त्या कागदावरून आधीच पुसले गेले आहेत. उरलेल्यांच्या सरासरीवरून प्रत्येकाचे भविष्य वर्तविणे हे खिंडीतल्या पाटीसारखे झाले. नाव, गाव, दिशा सारे बरोबर. फक्त उंची आठशे फुटांनी वाढवलेली.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर तीन वर्षांनी, २०१२ च्या मार्चात, त्यातील 'पांढरा घोडा', म्हणजेच मायका ट्रू, न्यू मेक्सिकोच्या रानात धावण्यास एकटा गेला तो परतला नाही. त्याचे वय अठ्ठावन्न होते, आणि तपासणीत हृदयाच्या स्नायूंचा विकार आढळला. अशा मृत्यूवरून ग्रंथावर सूड घेणे हे टीकेचे काम नव्हे. १९७७ साली धावण्यावर प्रचंड खपाचा ग्रंथ लिहिणारे जिम फिक्स १९८४ साली बावन्नाव्या वर्षी धावतानाच वारले, तेव्हा ज्यांना एरवीही पळावयाचे नव्हते त्यांना मोठेच समाधान झाले होते. वस्तुतः फिक्स यांचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षीच हृदयविकाराला बळी पडले होते. मुलाने धावून नऊ वर्षे अधिक मिळविली असेही म्हणता येईल. खरा दोष त्या काळच्या एका समजुतीचा होता. मॅरेथॉन धावणाऱ्यास हृदयविकार शिवत नाही, असे मत त्या दशकात एका डॉक्टरानेच मांडले होते, आणि पुष्कळांनी ते ताईत बांधावा तसे बांधून घेतले. पंचेचाळिशीनंतर धावणे सुरू करणाऱ्याने आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी हे वाक्य कोणत्याही ग्रंथात रूक्षच वाटणार. पण ज्या ग्रंथातून ते निसटले त्याची बाकीची रसवत्ता मला सोसवत नाही.

शास्त्रीय म्हणविणाऱ्या सरावग्रंथांची तऱ्हा निराळी. यांत रस नाही, पण अहंकारही थोडा. उंचीवरील सरावासंबंधी जे एक सूत्र सर्वतोमुखी झाले आहे, की राहावे उंचावर आणि सराव करावा खाली, त्याचा उगम मुख्यतः लेव्हाइन व स्ट्रे-गुंडरसन यांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. धावकांनी चार आठवडे २,५०० मीटरांवर मुक्काम केला आणि १,२५० मीटरांवर उतरून सराव केला. त्यांचा पाच हजार मीटरांचा वेळ सुधारला. उंचावर राहिल्याने रक्तातील तांबड्या पेशी वाढतात आणि खाली आल्याने पायांचा वेग मंदावत नाही, अशी त्यातील मख्खी आहे. पण प्रयोगास बसलेले धावक महाविद्यालयीन वयाचे, कसलेले, आणि चार आठवडे दुसरा उद्योग नसलेले होते. त्यांचा निष्कर्ष साठीच्या हौशी माणसास जसाच्या तसा लागू करणारी जी प्रकरणे सरावग्रंथांतून आढळतात ती म्हणजे नातवाचा सदरा आजोबांना घालण्याचा प्रकार होय. तांबड्या पेशी वाढण्यास आठवडे लागतात. लेहला पाच दिवस आधी जाणाऱ्यास त्या मिळत नाहीत. त्या पाच दिवसांत मिळते ते एवढेच की श्वास सावरतो, झोप लागू लागते, आणि डोके दुखण्याचे थांबते. ते थोडे नव्हे. किंबहुना पाहुण्यास तेवढेच हवे असते. आणि उंचीचा आजार तंदुरुस्ती पाहून परत फिरत नाही, हेही लक्षात ठेवावे. पंचविशीचा पहिलवान त्याने आडवा होतो आणि साठीची बाई सहज सुटते, असे घडते.

या वर्गात जो फ्रील यांचा 'फास्ट आफ्टर फिफ्टी' हा २०१५ सालचा ग्रंथ मला सर्वांत प्रामाणिक वाटला. फ्रील यांनी तो स्वतः सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना रचला, आणि म्हणून त्यात वयाविषयी लाडिकपणा नाही. वय वाढले म्हणून केवळ मंद व लांब धावत राहणे चूक आहे; थोडा पण तीव्र सराव आणि वजन उचलण्याचा व्यायाम सोडता कामा नये; मात्र त्यानंतरची विश्रांती वाढविली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांची सर्वांत माणुसकीची सूचना म्हणजे सात दिवसांऐवजी नऊ दिवसांचा आठवडा. सातांचा आठवडा नोकरदारासाठी असतो. म्हाताऱ्या स्नायूंना रविवार कळत नाही. भाषा मात्र कोरडी ठणठणीत. यंत्राच्या माहितीपत्रकासारखा ग्रंथ वाचावा लागतो.

फ्रील यांना खोटे पाडणारा मनुष्यही होऊन गेला, आणि त्याने ग्रंथ लिहिला नाही. कॅनडातील एड व्हिटलॉक हे निवृत्त अभियंते आपल्या घराजवळच्या दफनभूमीत रोज दोन-दोन, तीन-तीन तास संथपणे फेऱ्या मारीत. ना शिक्षक, ना आलेख. २००४ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण केली. सत्तरी ओलांडल्यावर तीन तासांच्या आत येणारे ते पहिले. तरीही त्या काळचा जागतिक विक्रम २ तास ४ मिनिटे ५५ सेकंदांचा होता, हे विसरू नये. मनुष्यजातीतील अत्यंत विलक्षण वृद्धासही वयाने पन्नास मिनिटांचा कर भरावयास लावला. व्हिटलॉक तारुण्यातही उत्तम धावक होते. तेव्हा सामान्यांनी दफनभूमीपेक्षा फ्रील यांचाच मार्ग धरावा असे मला वाटते.

आता वाङ्मय या पदवीस खऱ्या अर्थाने पात्र असलेल्या ग्रंथाकडे वळू. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांनी धावण्यासंबंधी लिहिलेले आत्मवृत्तपर पुस्तक २००७ साली प्रसिद्ध झाले. मुराकामी तेहतिसाव्या वर्षी धावू लागले आणि दरवर्षी एक मॅरेथॉन हा नेम त्यांनी पाळला. १९९६ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, सारोमा सरोवराकाठी ते शंभर किलोमीटर धावले. आणि त्या पराक्रमानंतर त्यांची धावण्यावरची वासनाच उडाली. मॅकडूगल यांच्या हाती ही घटना असती तर तेथे तुताऱ्या वाजल्या असत्या. मुराकामी तेथे उदासीनतेचे वर्णन करतात. पुढे वेळ दरवर्षी वाढत जाते, सराव पूर्वीइतकाच किंवा अधिक असूनही वाढत जाते, आणि २००५ ची न्यूयॉर्कची शर्यत मनासारखी होत नाही. हे सर्व त्यांनी तक्रारीचा किंवा तत्त्वज्ञानाचा आव न आणता, घरखर्चाची वही लिहावी तसे लिहिले आहे. नदीकाठी तरुण विद्यार्थिनी वेणी उडवीत त्यांना मागे टाकून जातात, तो प्रसंग हलक्या हाताने लिहिलेला असून हेव्याचा लवलेश त्यात नाही. त्या पुस्तकात उंचीविषयी काही नाही. तरीही लेहला जाणाऱ्याने ते आधी वाचावे, कारण शरीर पूर्वीइतके देत नाही हे मान्य करून उरलेल्यात काम कसे करावे, याचे शिक्षण त्यात आहे. त्यातील एक दोष सांगावासा वाटतो. मुराकामी एकटे धावतात, आणि एकटेपणास ते जरा अधिकच मान देतात.

त्याचा उतारा मायकेल क्रॉली या मानववंशशास्त्रज्ञाच्या २०२० सालच्या 'आउट ऑफ थिन एअर' या पुस्तकात सापडतो. क्रॉली इथिओपियाच्या धावकांत राहिले व त्यांच्याबरोबर धावले. अदिस अबाबा हे शहरच सुमारे २,४०० मीटरांवर, आणि त्याच्या डोक्यावर एन्टोटोचा डोंगर आणखी उंच. आश्चर्य असे की तेथील लोक उंचीचे आकडे मोजीत बसत नाहीत. ते हवेविषयी बोलतात. या रानाची हवा आज चांगली, त्या माळाची उद्या, असा त्यांचा नित्य विचार असतो, आणि आपल्याकडे शेतकरी मातीविषयी जितक्या बारकाईने बोलतो तितक्या बारकाईने तो चालतो. एकट्याने धावणे त्यांना पसंत नाही. पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकीत, झाडांतून नागमोडी, कधी अगदी हळू धावावयाचे, आणि पुढे राहण्याचे श्रम वाटून घ्यावयाचे अशी त्यांची रीत आहे. क्रॉली स्वतः तेव्हा तरुण होते, म्हणून वार्धक्याचा प्रश्न त्यांनी हाताळलेला नाही. पण वयस्क वाचकास जे हवे आहे ते त्यांच्याच पुस्तकात आहे: वेग ठरविण्याचा अधिकार एकट्याच्या अभिमानाकडून काढून घेऊन तांड्याकडे देणे.

ही गोष्ट आपणांस नवी वाटू नये. शेगावहून गजानन महाराजांची पालखी धाराशिव-तुळजापूरवरून पंढरपुरास जाते; तिच्याबरोबर व अन्य दिंड्यांबरोबर साठी-सत्तरीची माणसे शेकडो किलोमीटर चालतात. तेथे वेळ नोंदविणारे घड्याळ नाही, मुक्काम ठरलेले आहेत, आणि चाल दिंडीची असते. वृद्धांनी दूर अंतर कसे तोडावे याची एवढी जुनी व एवढी मोठी शाळा क्वचितच असेल. तिचे भक्तिमाहात्म्य आपण उदंड लिहिले. पण पाय सुजले असता काय करतात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी किती चालतात, मागे पडणाऱ्यास कोण सोबत करते, हे कोणी धावकाच्या नजरेने लिहिले तर ते मॅकडूगल यांच्या दऱ्यांहून कमी मनोरंजक होणार नाही.

आपल्याकडे वृद्ध धावकाची जी एक कथा घरोघर गेली ती लताबाई करे यांची. २०१३ च्या डिसेंबरात बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये, साठी उलटलेल्या लताबाई ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरांच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून. पुढे नवीन देशबोईना यांनी त्यावर मराठी चित्रपट काढला, तो २०२० साली आला. त्यात लताबाईंनी स्वतःचीच भूमिका केली आणि सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. स्वतःचेच पाय घेऊन पडद्यावर आलेली ही बाई त्या चित्रपटाचे सर्वस्व आहे. धावण्याचा अभिनय करणाऱ्या नटीस तो भार पेलला नसता. पण चित्रपटाच्या नावातच 'संघर्षकथा' हा शब्द आहे, आणि वर्तमानपत्रांनीही लुगडे, अनवाणी पाय व जिद्द या तीनच शब्दांभोवती फेर धरला. मजुरीने झिजलेले पाय इतरांच्या पुढे कसे गेले, हा प्रश्न चुरोच्या बाबतीत मॅकडूगल यांनी जितक्या घाईने ओलांडला तितक्याच घाईने आपणही ओलांडला. तो विचारला असता तर कदाचित जिद्दीबरोबर दुसरेही काही नाव घ्यावे लागले असते. एखाद्या बाईस नवऱ्याच्या तपासणीचा खर्च पळून मिळवावा लागतो, यात कौतुक कितीसे आणि कोणाचे? पहिल्या क्रमांकाचे पारितोषिक पाच हजार रुपयांचे होते.